हृद्रोग आणि सूक्ष्म शोथ : हेतू कोणता, लिंग कोणते?

गेल्या अडीच-तीन दशकांत हृद्रोगाच्या संप्राप्तीचा विचार करताना 'शोथ' ही संकल्पना पुन्हा केंद्रस्थानी आली आहे. धमनीच्या अंतःस्तरात केवळ मेदसदृश पदार्थ साचतो आणि मार्ग अरुंद होतो, एवढ्यावर आता कोणी समाधान मानीत नाही. त्या संचयाभोवती श्वेतपेशी गोळा होतात, मंद स्वरूपाचा शोथ वर्षानुवर्षे टिकून राहतो आणि एखाद्या दिवशी त्या संचयाचे आवरण फाटून रक्ताची गुठळी बनते, असे आधुनिक वर्णन आहे. चरकाचार्यांनी कफाच्या वीस नानात्मज विकारांत 'धमनीप्रतिचय' गणला आहे, हे आपण सर्व जाणतोच. परंतु केवळ नामसाम्यावर थांबणे शास्त्राला शोभणारे नाही.

हा विषय आता ग्रंथालयापुरता राहिलेला नाही. बारामतीच्या प्रयोगशाळांतून निघालेले 'एचएस-सीआरपी' तपासणीचे अहवाल घेऊन इंदापूर, भिगवण, वालचंदनगर, निमगाव केतकी येथील रुग्ण आम्हा वैद्यांसमोर बसतात आणि "डॉक्टरसाहेब, हे वाढलंय, ते उतरवायचं औषध द्या," असा आग्रह धरतात. दुसरीकडे, एखाद्या योगाने सीआरपी उतरते एवढ्या आधारावर तो योग 'हृदयरक्षक' म्हणून पुढे करण्याचा मोह औषधनिर्मात्यांना होतो. म्हणून एका प्रश्नाचे उत्तर आपणांस नेमके ठाऊक असले पाहिजे. वाढलेले सीआरपी हा हृद्रोगाचा हेतू आहे, की केवळ लिंग? या प्रश्नाचा निवाडा जनुकशास्त्राने कसा केला, त्यात पुणे जिल्ह्यातील संशोधनाचे स्थान कोणते आणि आपल्या चिकित्सेला त्यापासून काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

धूर आणि अग्नी

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन होय. १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम आढळले. शरीरात कोठेही शोथ, संसर्ग वा आघात झाला की 'इंटरल्युकिन-६' नावाचा संदेशवाहक घटक यकृताला सूचना देतो आणि सीआरपी वाढते. तीव्र संसर्गात ही वाढ शेकडो पटींनी होते. सूक्ष्म तपासणीने मात्र अगदी निरोगी भासणाऱ्या माणसातील एक, दोन, तीन मिलिग्रॅम प्रतिलिटर असा फरकही मोजता येतो.

या सूक्ष्म फरकाचा हृद्रोगाशी संबंध आहे, हे निरीक्षणातून वारंवार दिसले. २०१० साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात १,६०,३०९ व्यक्तींची माहिती एकत्र केली होती. ज्यांचे सीआरपी अधिक, त्यांच्यात पुढे हृद्रोगाचे प्रमाणही अधिक, हे त्यात स्पष्ट झाले.

पण संबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. स्थूल माणसाचे सीआरपी वाढलेले असते आणि स्थौल्यामुळे हृद्रोगही होतो. तंबाखू सेवन करणाऱ्याचे, हिरड्यांतून पू येणाऱ्याचे आणि प्रमेहीचेही तसेच. शिवाय धमनीत रोग आधीच सुरू झालेला असेल तर त्यामुळेही सीआरपी वाढेल, म्हणजे कार्यालाच कारण समजण्याची चूक होईल. चरकाचार्यांनी अनुमानासाठी धूर आणि अग्नीचा दृष्टान्त दिला आहे. धुरावरून अग्नी ओळखावा हे खरे, परंतु पंख्याने धूर हाकलल्याने अग्नी विझत नाही. सीआरपी हा धूर की अग्नी, हे केवळ निरीक्षणाने ठरत नव्हते.

जनुकांची युक्ती

या पेचातून वाट काढणाऱ्या पद्धतीला 'मेंडेलियन रँडमायझेशन' असे नाव आहे. नेदरलँड्समधील मार्टिन काटान यांनी १९८६ साली कोलेस्टेरॉल व कर्करोग यांच्या संदर्भात तिची मूळ कल्पना मांडली. २००३ साली इंग्लंडमधील जॉर्ज डेव्ही स्मिथ व शाह इब्राहिम यांनी तिला पद्धतशीर रूप दिले.

कल्पना सोपी आहे. आईवडिलांकडून जनुकाचे कोणते रूप अपत्याला मिळणार, हे गर्भधारणेच्या क्षणी जणू नाणेफेकीने ठरते. ते रूप पुढे आहार, विहार, व्यसन, गरिबी वा व्याधी यांमुळे बदलत नाही. समजा, एखाद्या जनुकाच्या एका रूपामुळे जन्मभर सीआरपी थोडे अधिक राहते व दुसऱ्या रूपामुळे थोडे कमी. हे दोन गट तंबाखू, वजन, उत्पन्न यांबाबत सरासरीने सारखेच असतील, कारण वाटणी निसर्गाने केलेली आहे. आता सीआरपी हा खरोखर हेतू असेल, तर जन्मतः अधिक सीआरपी असणाऱ्यांत हृद्रोग अधिक दिसला पाहिजे. तो दिसला नाही, तर सीआरपी हेतू नव्हे.

शुक्र-शोणितसंयोगाच्या वेळी प्रकृती निश्चित होते व ती जन्मभर टिकते, या सिद्धान्ताशी परिचित असलेल्या वैद्याला ही तर्कपद्धती परकी वाटू नये. बीजातील भेद आधीचा आणि आहार-विहारज भेद नंतरचा, हा क्रमच या पद्धतीचा पाया आहे.

तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. निवडलेले जनुक अन्य मार्गाने रोगावर परिणाम करीत असेल तर निष्कर्ष चुकतो. जनुकाचा परिणाम सहसा अल्प असल्याने लक्षावधी माणसांची माहिती लागते. आणि एका वंशगटातील निष्कर्ष दुसऱ्या वंशगटास जसाच्या तसा लागू होईलच असे नाही.

निवाडा

२०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १५ देशांतील ४७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात १,९४,४१८ व्यक्ती होत्या व त्यांपैकी ४६,५५७ जणांना हृद्रोग होता. सीआरपी जनुकातील चार भेद निवडून गणित केले गेले. निरीक्षणात ठरावीक वाढीमागे हृद्रोगाचा धोका सुमारे ३३ टक्क्यांनी अधिक दिसत होता. जनुकीय कसोटीवर तेवढ्याच वाढीमागे धोक्याचे गुणोत्तर १.०० आले, म्हणजे वाढ शून्य. सीआरपी हा धूर ठरला.

मग शोथाचा हृद्रोगाशी कारणसंबंधच नाही काय? तसे नाही. २०१२ साली 'द लॅन्सेट'ने दोन अभ्यास एकत्र प्रसिद्ध केले. त्यांचा विषय होता इंटरल्युकिन-६ चा ग्राहक, म्हणजे पेशीवर ज्या ठिकाणी तो संदेश स्वीकारला जातो ते स्थान. या ग्राहकाच्या जनुकाचे एक रूप असे आहे की ज्यामुळे संदेश काहीसा मंदावतो. एका अभ्यासात २,०४,९३० व्यक्ती व त्यांतील ५१,४४१ हृद्रोगी होते. हे रूप एका पालकाकडून मिळाले असता सीआरपी सुमारे ७.५ टक्क्यांनी कमी आणि हृद्रोगाचा धोका ३.४ टक्क्यांनी कमी आढळला. दोन्ही पालकांकडून मिळाले असता परिणाम त्या प्रमाणात वाढतो. परिणाम लहान आहे, पण दिशा निःसंदिग्ध आहे. शोथाच्या साखळीतील वरचा दुवा हेतू आहे आणि त्याच साखळीच्या टोकाचे सीआरपी हे त्याचे लिंग आहे.

याच कसोटीवर मेदाचीही परीक्षा झाली. पीसीएसके-९ नावाच्या जनुकातील बिघाडामुळे ज्या आफ्रिकी-अमेरिकन व्यक्तींचे एलडीएल कोलेस्टेरॉल जन्मतः २८ टक्क्यांनी कमी होते, त्यांच्यात हृद्रोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला, हे २००६ साली प्रसिद्ध झाले. एलडीएल हा हेतू म्हणून सिद्ध झाला. उलट, 'चांगले' म्हणून गौरविलेले एचडीएल २०१२ च्या अभ्यासात या कसोटीला उतरले नाही. शोथ महत्त्वाचा ठरला म्हणून मेद गौण ठरत नाही, हे ध्यानी ठेवावे.

औषधांचा कौल

जनुकांनी दाखविलेली दिशा औषधाने पडताळणे ही पुढची पायरी. २०१७ सालच्या 'कॅन्टोस' चाचणीत पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या व सीआरपी दोन वा अधिक असलेल्या १०,०६१ रुग्णांना, इंटरल्युकिन-६ च्याही वर असलेल्या इंटरल्युकिन-१ बीटा या दुव्याला रोखणारे कॅनाकिनुमॅब हे औषध दिले गेले. दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅम या मात्रेत पुन्हा झटका, पक्षाघात वा हृद्रोगजन्य मृत्यू यांचे प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. कोलेस्टेरॉलमध्ये मात्र फरक पडला नव्हता. पण प्राणघातक संसर्ग वाढले आणि एकूण मृत्युसंख्येत फरक पडला नाही. शोथ हा व्याधिक्षमत्वाचाही भाग आहे, हे त्यातून दिसले.

त्यानंतर 'सर्ट' या चाचणीत ४,७८६ रुग्णांना अल्पमात्रेत मेथोट्रेक्सेट देण्यात आले. आमवातात उपयोगी पडणाऱ्या या औषधाने ना इंटरल्युकिन-६ उतरले, ना सीआरपी, ना हृद्रोगाचे आघात. याहूनही बोलके उदाहरण रोफेकॉक्सिबचे. उत्तम शोथहर व वेदनाहर म्हणून जगभर खपलेले हे औषध हृदयविकाराचे झटके वाढवते असे दिसल्याने २००४ साली बाजारातून मागे घ्यावे लागले. यातून एकच बोध घ्यावा : प्रत्येक शोथहर द्रव्य हृद्य असतेच असे नाही. ही गोष्ट आपल्या द्रव्यांनाही तितकीच लागू आहे.

आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे औषध म्हणजे कोल्चिसिन. युनानी परंपरेतील सुरंजान आणि आपली लांगली अर्थात कळलावी, या दोन्हींत हे तत्त्व असते. २०१९ च्या 'कोलकॉट' चाचणीत नुकताच झटका आलेल्या ४,७४५ रुग्णांना रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन दिले असता पुढील आघातांचे प्रमाण ७.१ वरून ५.५ टक्क्यांवर आले. २०२० च्या 'लोडोको-२' चाचणीत जुन्या, स्थिर हृद्रोग्यांत ते ९.६ वरून ६.८ टक्के झाले. २०२३ साली अमेरिकेत या उपयोगास मान्यता मिळाली. परंतु २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ७,०६२ रुग्णांच्या 'क्लिअर' चाचणीत झटक्यानंतर लगेच दिलेल्या कोल्चिसिनचा लाभ दिसला नाही. वाद संपलेला नाही.

येथे औषधनिर्मात्यांना कळकळीचा इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. या बातम्यांच्या आधारे लांगलीकंद हृद्रोगावर देण्याचा विचारही कोणी करू नये. अर्धा मिलिग्रॅम शुद्ध, मोजलेले तत्त्व आणि कंदाचे चूर्ण यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. कंदातील तत्त्वाचे प्रमाण जागेनुसार व ऋतूनुसार बदलते आणि उपयुक्त मात्रा व घातक मात्रा यांतील अंतर अत्यल्प आहे. वृक्कविकार असलेल्या किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक घेणाऱ्या रुग्णात नेहमीची मात्राही विषारी ठरू शकते. लांगलीची गणना उपविषांत आहे. गोमूत्रातील शोधन तिला सांगितले आहे आणि औषध कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीतही ती आहे, हे विसरून चालणार नाही.

पुणे जिल्ह्याचे योगदान

हे सारे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. आपल्याकडील चित्र थोडे वेगळे आहे आणि ते उलगडण्याचे मोठे काम आपल्याच जिल्ह्यात झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'द लॅन्सेट'मध्ये स्वतःचे व आपले ब्रिटिश सहकारी युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ होता. शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. कृश दिसणारा भारतीय आतून मेदस्वी असू शकतो, हे त्यातून जगाला कळले.

याच केंद्राच्या 'क्रायसिस' या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जिल्ह्यातील ग्रामीण, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गीय पुरुषांची तुलना केली होती. ग्रामीण पुरुषांपेक्षा शहरी पुरुषांत मेद अधिक आणि शोथसूचक घटकही अधिक होते. बारामती-इंदापूरच्या वैद्यांना यातून विचार करण्यासारखे बरेच आहे. नीरा डाव्या कालव्याने आणि उजनीच्या पाण्याने येथे ऊस आणला, साखर कारखान्यांनी पैसा आणला आणि औद्योगिक वसाहतीने रात्रपाळी आणली. कागदावर ग्रामीण असलेला आमचा रुग्ण अव्यायाम, दिवास्वाप, अध्यशन या हेतूंच्या बाबतीत शहरी मध्यमवर्गीयाच्या पंक्तीला केव्हाच जाऊन बसला आहे.

मेंडेलियन पद्धतीचा वापरही पुण्यात झाला आहे. १९९३ पासून जिल्ह्यातील सहा खेड्यांत चाललेल्या माता-पोषण अभ्यासातील व म्हैसूरच्या अभ्यासातील माहिती वापरून, गर्भिणीच्या रक्तातील होमोसिस्टीन अधिक असल्यास अपत्याचे जन्मवजन कमी भरते हा संबंध कारणरूप आहे काय, याची परीक्षा एमटीएचएफआर या जनुकाच्या साहाय्याने केली गेली आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष कारणसंबंधाला पुष्टी देणारा होता. मातेच्या आहारातील उणीव अपत्याच्या देहरचनेत उतरते, हा गर्भिणीपरिचर्येचाच विषय होय.

प्रकृती ही जनुकीय कसोटी होईल काय?

२००५ साली पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी ७६ व्यक्तींची प्रकृती आणि एचएलए जनुके यांचा संबंध तपासला. २०१५ साली हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात ३,४१६ जणांतून स्पष्ट प्रकृतीचे २६२ पुरुष निवडून संपूर्ण जनुकसंच तपासला गेला. ५२ भेद प्रकृतीशी निगडित आढळले आणि पीजीएम-१ हे जनुक पित्तप्रकृतीशी जुळले. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली आमवाताच्या रुग्णांत, वातप्रकृतीच्या गटात शोथाशी संबंधित जनुके पुढे येतात असा प्राथमिक निष्कर्ष मांडला. त्याच वर्षी पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयातील ३०० हृद्रोग्यांच्या अभ्यासात कफ व वातकफ प्रकृतीच्या रुग्णांत इंटरल्युकिन-६, सीआरपी व इन्सुलिनविरोध अधिक आढळला.

ही कामे अभिमानास्पद आहेत, म्हणूनच त्यांचे वाचन काटेकोरपणे झाले पाहिजे. मेंडेलियन पद्धतीचे बळ यात आहे की जनुक व्याधीमुळे बदलत नाही. आपली प्रकृतीपरीक्षा प्रश्नावलीने होते आणि त्यात देहाची पुष्टता, भूक, निद्रा, स्वेद, चाल यांचे प्रश्न असतात. प्रमेहाने व हृद्रोगाने हीच लक्षणे बदलतात. मेदस्वी रुग्णाला 'कफप्रकृती' म्हणून नोंदविले आणि मग कफप्रकृतीत प्रमेह अधिक आढळला, तर आपण प्रकृती मोजली की विकृती? सिद्धान्तातील प्रकृती जन्मसिद्ध आहे, परंतु प्रश्नावलीतील प्रकृती तशी राहीलच असे नाही. तरुण व निरोगी वयात प्रकृतीची नोंद करून ती व्यक्ती पुढे वीस वर्षे पाहणे, हाच यावरील मार्ग आहे. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती 'जीनोम इंडिया' प्रकल्पाद्वारे जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. बीजाची नोंद झाली, पण प्रकृतीची विश्वासार्ह नोंद वैद्यांशिवाय कोण करणार?

चिकित्सालयात काय करावे

१. एचएस-सीआरपी हे सूचक म्हणून उपयोगी आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या २७,९३९ स्त्रियांच्या तीस वर्षांच्या अभ्यासातही त्याने पुढील धोक्याची सूचना दिली. एकपेक्षा कमी अल्प धोका, एक ते तीन मध्यम, तीनपेक्षा अधिक म्हणजे जास्त धोका असे समजावे. मात्र ते दहापेक्षा अधिक आल्यास हृद्रोगाचा तर्क न करता संसर्ग वा अन्य शोथ शोधावा व दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. ऊसतोडणीत झालेला व्रण, मिश्रीने बिघडलेल्या हिरड्या, जुना कास हे आपल्या भागात प्रथम पाहावेत.

२. अंक उतरविणे हे चिकित्सेचे साध्य मानू नये. निदानपरिवर्जन हीच मुख्य चिकित्सा. तंबाखू व मिश्री सोडविणे, उदरातील मेद घटविणे, दंतचिकित्सा, रक्तदाब व शर्करा यांचे नियंत्रण यांनी अग्नीच मंदावतो आणि धूर आपोआप विरळ होतो.

३. आमवाताचा प्रत्येक रुग्ण हृद्रोगाच्या दृष्टीने तपासावा. अशा रुग्णांत नेहमीच्या गणिताने आलेला हृद्रोगाचा धोका दीडपट धरावा, अशी युरोपीय संधिवाततज्ज्ञांची शिफारस आहे. वर्षानुवर्षे दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा इतिहासही अवश्य विचारावा.

४. ज्याला झटका येऊन गेला आहे त्याची चालू औषधे, विशेषतः कोलेस्टेरॉल उतरविणारी व गुठळी रोखणारी, आपल्या योगाच्या भरवशावर बंद करू नयेत. त्यांचा लाभ चाचण्यांनी सिद्ध आहे. गुग्गुळाच्या बाबतीत १९६६ च्या डॉ. जी. व्ही. सत्यवती यांच्या वाराणसी येथील संशोधनाचा आपण सार्थ उल्लेख करतो, पण २००३ साली अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवडे केलेल्या चाचणीत गुग्गुळाच्या प्रमाणित अर्काने एलडीएल उतरले नाही, उलट चार-पाच टक्क्यांनी वाढले, हेही सांगितले पाहिजे.

५. औषधनिर्मात्यांनी वेष्टनावर वा जाहिरातीत हृद्रोग बरा करण्याचा दावा करू नये. १९५४ च्या जादूटोणाविषयक आक्षेपार्ह जाहिराती कायद्याच्या अनुसूचीत हृद्रोग, रक्तदाब व मधुमेह या तिन्ही व्याधी आहेत. सीआरपी उतरल्याचा कागद हा हृद्रोग टळल्याचा पुरावा नव्हे, हे या लेखातील सर्व विवेचनाचे सार आहे.

हेतू, लिंग आणि औषध यांचे ज्ञान हीच आयुर्वेदाची त्रिसूत्री. आधुनिक जनुकशास्त्राने लक्षावधी माणसांची माहिती गोळा करून जे केले, ते पहिली दोन सूत्रे एकमेकांपासून वेगळी काढण्याचे काम होते. तिसरे सूत्र हाती असलेल्या आपण सर्वांनी पहिल्या दोहोंची गल्लत करता कामा नये. आपापल्या चिकित्सालयात निरोगी तरुणांच्या प्रकृतीची, कटिमापाची, रक्तदाबाची व व्यसनांची नोंदवही आजपासून ठेवावी, अशी सर्व सभासद वैद्य बंधु-भगिनींना विनंती आहे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील वैद्यांनी जरी हे व्रत वीस वर्षे पाळले, तरी पुढील पिढीच्या हाती प्रश्नावलीपेक्षा अधिक भरवशाचे काही राहील.